ताईनं बोलावलं म्हणून

त्या डोंगराळ मुलखात आल्यापासून धाकटीचा दिवस रागानंच उजाडायचा. डोळ्यांआधी कान उघडायचे आणि कानांत पहिला शिरायचा तो वारा. छपराचे पत्रे तारांनी आवळून बांधलेले, तरी रात्रभर कुरकुरायचे. मग पाय पलंगाखाली चपला शोधायचे; त्या बर्फासारख्या गार. मग लोखंडी शेगडी. तिच्या पोटात लाकूड सरकवल्याशिवाय घराला घरपण यायचं नाही. लाकूड ओलं निघालं की धूर. धूर झाला की खिडकी उघडायची, आणि खिडकी उघडली की पुन्हा वारा.

"ह्याला म्हणतात हवापालट," असं ती शेगडीला सुनवायची आणि तिचं दार पायानं ढकलून बंद करायची.

तेवढ्यात नवरा शीळ घालत उठायचा. तो मोटार मेकॅनिक. शहरात त्याच्या गॅरेजला खेटून आणखी चार गॅरेजं होती आणि गिऱ्हाईक सगळ्यांकडे भाव विचारत फिरायचं. इथे मैलोन्‌मैल तो एकटा. रस्ते असे, की गाड्यांच्या स्प्रिंगांना आणि टायरांना जिवाची शाश्वती नाही. "अगं, इथला एकेक खड्डा माझा भागीदार आहे," असं तो खुशीत म्हणायचा. लोक त्याला उस्ताद म्हणत, अंडी आणून देत, बटाट्यांची पोती दारात ठेवून जात. त्याला इथली थंडी सोसली, धूर सोसला, बायकोचा रागसुद्धा सोसला. धाकटीला हेच सोसत नव्हतं. भांडायला समोर माणूस लागतो. हा तर उशीसारखा, कितीही बुक्के मारा, हात दुखणार आपलेच.

ती धाकटी म्हणजे काही लहान नव्हती. केस पांढरे व्हायला लागले होते, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती. पण घरात ती धाकटीच, कारण वर ताई होती. आई गेली तेव्हा धाकटीला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. ताईनं वेण्या घातल्या, ताईनं शाळा निवडली, ताईनंच नवरा पाहिला. वाईट काही निवडलं असंही नाही. पण ताई म्हणेल ती पूर्व दिशा, हे एकदा अंगवळणी पडलं ते पडलंच. पडद्यांना कुठला रंग घ्यायचा हे विचारायलासुद्धा धाकटी फोन उचलायची.

भावजी नोकरीतून मोकळे झाले तेव्हा ताई आणि ते इकडे राहायला आले. भावजींना हृदयाचा त्रास; तपासणीसाठी दोघं अधूनमधून शहरात उतरत आणि धाकटीच्या घरी राहत. ताई सोफ्यावर बसायची, पदरानं वारा घ्यायची आणि सुरू करायची.

"काय ही तुमची हवा! सुरीनं कापावी इतकी जाड. आमच्याकडे ये. झऱ्याचं पाणी पितो आम्ही. दारं उघडी टाकून झोपतो. बाजूचं घर रिकामं पडलंय गं, माझ्या स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. दोघी म्हाताऱ्या होऊ तिथे, एकमेकींच्या डोळ्यांसमोर."

दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्यानं निदान ते दुरून पाहिलेले तरी असतात. धाकटीनं ते नुसते ताईच्या तोंडून ऐकले होते. ताई तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत गेली आणि ती चढत गेली. शहरातलं घर विकलं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. तिथे मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेमला बसवायची. काचेची कड बोटानं चाचपून सांगायची, अजून केसभर जास्त आहे. त्या कामात तिचा हात असा होता, की मालक नव्या मुलींना तिच्या शेजारी नुसतं बघायला बसवायचा.

इकडे चष्म्याचं दुकान नव्हतं. एकच दुकान होतं, त्यात पाव, खिळे, बल्ब आणि गुरांचं औषध एकाच फळीवर. काम मिळालं ते खालच्या गावात, लहानशा इस्पितळाच्या धुलाईत. मागच्या अंगाला बसक्या छताची खोली, कपडे धुण्याची दोन मोठी यंत्रं, चादरी दाबून वाळवायचा गरम रूळ. पाण्यात लोह फार. पांढरी चादर चार धुण्यांत चहात बुडवल्यासारखी दिसायची. मेट्रनबाई रोज येऊन एक चादर उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "ही धुतलेली आहे?"

"धुतलेली आहे. पाणी धुतलेलं नाही," धाकटी म्हणायची.

साबण, वाफ आणि थंडी यांनी तिच्या बोटांना भेगा पडल्या. ज्या बोटांना केसभराचा फरक कळायचा, त्यांना आता सुईत दोरा ओवता येईना. रात्री ती बोटांना मलम चोळायची आणि मनातल्या मनात ताईला चार शब्द ऐकवायची. सकाळी ते शब्द गिळून तिच्याच कामाला लागायची.

कारण खरी गोम होती पाण्यात. झरा ताईच्या घरामागे उंचावर होता. तिथे सिमेंटची टाकी, टाकीतून एक नळ ताईच्या घरात, तोच पुढे उतरून धाकटीच्या घरात. हिवाळ्यात टाकीच्या तोंडावर बर्फाची साय धरायची, जाळी गच्च व्हायची, आणि दोन्ही घरांचे नळ एकदम मुके. रोज सकाळी कोणीतरी पहार आणि गरम पाण्याची किटली घेऊन वर चढायला हवं. ताईचे गुडघे दुखत. भावजींना चढ वर्ज्य. नवरा उजाडताच गॅरेजला. उरलं कोण?

धाकटी चढायची. पायाखाली दगड सुटायचे, किटलीतलं पाणी हिंदकळून हातावर यायचं. आणि खालून ताईच्या खिडकीवर टकटक व्हायची.

"डावीकडून जा गं! उजवीकडे घसरतं!"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की इथे शेळी उंच होती आणि हाकणारी गरम खोलीत.

पाण्यापासून सुरुवात झाली आणि मग बोट दिलं की हात गेला. ताईची लाकडं फोडायची ती धाकटीनं. ताईच्या छपरावरचा बर्फ खरवडायचा तो धाकटीनं. "गावात चाललीच आहेस तर" हे ताईचं पालुपद. चाललीच आहेस तर ह्यांच्या गोळ्या आण, चाललीच आहेस तर दिव्याचं तेल बघ. गावात जायचं म्हणजे काही कोपऱ्यावर जायचं नव्हतं. रस्त्यावर वरून दरड यायची. धाकटीनं गाडीत कायमची एक जादा पहार टाकून ठेवली होती. वाटेत धोंडा दिसला की उतरायचं, तो रेटून कडेला ढकलायचा, हात झटकायचे, पुढे जायचं. समोरून येणारा गडी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केल्यासारखं करायचा आणि धोंडा ढकलायला मात्र उतरायचा नाही. नंतर दुकानात तोच विचारायचा, "काल तुमच्या धुराड्यातून काळा धूर येत होता, लाकूड ओलं का?" इथे माणूस दिसत नाही कुठे, पण माणसाचं सगळं दिसतं सगळ्यांना.

आणि तरी ती तोंड मिटून होती. ताईला बोलायची सवयच नव्हती जिभेला.

हिवाळा उतरणीला लागला होता. धाकटीचा सुट्टीचा दिवस. टाकीवर नेहमीपेक्षा जाड बर्फ धरला होता आणि ती गुडघे टेकून पहारीनं तो फोडत होती. बाही कोपरापर्यंत भिजलेली, नाकातून पाणी. तेवढ्यात खालून माणसांचे आवाज आले. एक तरुण जोडपं वाट चढत येत होतं. दोघांचे बूट स्वच्छ होते, ह्यावरूनच कळलं की इथली नव्हेत. गाडीला चढ झेपला नाही म्हणून ती त्यांना खाली वळणावर सोडून यावी लागली होती.

"मावशी, जरा विचारायचं होतं," मुलगी धापा टाकत म्हणाली. "हीच ना पाण्याची टाकी? पाणी बाराही महिने असतं ना?"

"तुम्ही कोण?"

"हे वरचं घर बघायला आलोय. विकायचंय ना ते. बाईंनी चहाला बोलावलंय, पण म्हटलं आधी पाणी बघून घेऊ."

धाकटीला आधी वाटलं, घर चुकले असतील. इथे वरचं घर एकच होतं. तिनं पहार टाकीच्या कडेला टेकवली.

"घर विकायचंय असं कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या. बर्फ वितळला की शहरात जातायत, मुलाजवळ." मुलगा हसरा होता. मन लावून बोलत होता. "आम्हाला जरा भीती होती हो, आम्ही नवखे, हे सगळं जमेल का म्हणून. पण त्या म्हणाल्या, काही काळजी करू नका, खाली एक बाई असते, ती पाणी, लाकूड, सगळं बघते. तुम्हीच का त्या?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फावर गुडघे टेकलेले असूनसुद्धा तिला घाम फुटला. खाली एक बाई असते! ज्या हातानं वेण्या घातल्या त्या हातानं खिडकीतून दाखवलंही असेल, ती बघा, ती.

ती उठून उभी राहिली.

"हो. मीच ती बाई. विचारा काय विचारायचं ते."

"म्हणजे पाणी..."

"असतं. अर्धं वर्ष पाणी असतं, अर्धं वर्ष त्याचा दगड असतो. हा बघा. हा रोज फोडायचा. पाऊस असो, ताप असो, घरात कोणी मेलेलं असो. एक दिवस चुकलात तर नळ फुटतो, आणि नळ फुटला तर तो खणून काढायला जमीन मऊ व्हायची वाट बघायची."

मुलीनं मुलाकडे पाहिलं.

"वीज आहे ना पण?"

"आहे. जाते तेव्हा सांगून जात नाही आणि येते तेव्हा लाजत येते. फ्रिज घेऊ नका, बाहेर ठेवलं तरी चालतं. फक्त बाहेर ठेवलेलं कोणी ना कोणी खाऊन जातं, त्याचे पाय तेवढे सकाळी बर्फात दिसतात. उंदीर घरात. ते मात्र खालच्या बाईचे नाहीत, ज्याचे त्यानं बघायचे."

"आणि डॉक्टर?"

"गावात आहे. चांगला आहे. रस्ता उघडा असला तर तुम्ही त्याच्यापर्यंत पोचता. मागच्या महिन्यात तिकडच्या वळणावरच्या म्हाताऱ्याला पोचवत होते, वाटेत दरड आली. त्यांनी दरड उपसली, म्हातारा तोवर थांबला नाही. त्याची चादर मी धुतली."

मग अगदी हळू, जणू एवढं एक तरी खरं असावं म्हणून, मुलानं विचारलं, "शांतता तरी आहे ना?"

"वारा थांबला की आहे. इतकी आहे, की माणूस स्वतःशी भांडायला लागतं." धाकटीनं पहार उचलली. "मी खोटं एक अक्षर बोललेली नाही. आणि त्या खालच्या बाईचं म्हणाल, तर आजपासून ती काही बघणार नाही. तिला पण घर आहे."

ते ताईकडे चहाला गेलेच नाहीत. जाताना मुलीनं मागे वळून एकदा ताईच्या खिडकीकडे पाहिलं, तिथे पडदा बाजूला होता. मग दोघं दगडांवरून घसरत, एकमेकांना धरत खाली गाडीकडे निघून गेली.

धाकटीनं उरलेला बर्फ फोडला. जाळी साफ केली. तसं सोडून जाणं तिला जमलं नाही, म्हणून स्वतःचाच आणखी राग आला.

घरी येऊन ती ओली बाही पिळत होती, तोच दार धाडकन उघडलं. जे गुडघे टाकीपर्यंत चढू शकत नव्हते, ते अख्खी वाट तडातडा उतरून आले होते. काठीसुद्धा नव्हती.

"काय सांगितलंस तू त्यांना?" ताई दारातूनच कडाडली. "ती माणसं चहासुद्धा न घेता गेली! चांगले कप काढून बसले होते मी!"

"विचारलं ते सांगितलं."

"माझं गिऱ्हाईक घालवलंस! किती वाट बघून एक मिळालं होतं. इथे कोण घेतं घर?"

"मी घेतलं ना," धाकटी म्हणाली. "मी घेतलं! तू म्हणालीस म्हणून, न बघता घेतलं. तेव्हा माहीत नव्हतं तुला, इथे कोण घर घेतं ते?"

ताई थबकली. धाकटीचा हा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. धाकटीनंही.

"ओरडू नकोस. मी मोठी आहे तुझ्याहून."

"तू मोठी, मी बाई. खाली एक बाई असते, सगळं बघते. असं म्हणालीस ना? तुझ्या तोंडून निघालं ना ते?"

ताईचा चेहरा उतरला. ती शेगडीजवळच्या खुर्चीवर बसली, मग पुन्हा उभी राहिली, मग बसली.

"बहीण म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, बहिणीला इथे टाकून कशा चाललात. काय सांगणार होते मी?"

"तेच मी विचारतेय. काय सांगणार होतीस मला? का सामान ट्रकमध्ये चढल्यावर कळवणार होतीस?"

"सांगणारच होते. धीर होत नव्हता." ताईनं पदर बोटाला गुंडाळला. "तुला काय वाटतं, मी मजेत होते इथे? पहिल्या हिवाळ्यात हे बोलायचेच बंद झाले. दिवसच्या दिवस खिडकीशी बसून. रस्ता बंद. मी भांडी मुद्दाम आपटायची, आवाज व्हावा म्हणून. वाटायचं ह्यांना काही झालं तर मी ह्या घरात, ह्यांच्याबरोबर... मला कोणीतरी हवं होतं गं. आणि तुझ्याशिवाय माझं आहे कोण?"

"मग असं सांगायचं होतंस! झऱ्याचं पाणी काय, उघडी दारं काय!"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते," धाकटी ओरडली. "आले असते गं! भीती वाटते म्हणाली असतीस, तर दुसऱ्या दिवशी आले असते. चादरी धुतल्या असत्या, बर्फ फोडला असता, काही वाटलं नसतं. तू मला फसवून आणलंस, ते कशाला? मी फुकटच येणार होते."

त्यावर ताई रडायला लागली. एरवी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की धाकटीचं अवसान गळायचं. आज ती उभीच राहिली. बाहीतून पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

दारात भावजी येऊन थांबले होते, एक हात छातीवर, वाट उतरताना लागलेली धाप आवरत. ते कमी बोलायचे. बोलले तरी हवामानाबद्दल.

"तिला एकटीला बोलू नकोस," ते म्हणाले. "जाऊ या असं मीच म्हणालो. छातीत धडधडायला लागतं आणि बाहेर बर्फ पडत असतो. तो म्हातारा गेला ना वळणावर, तेव्हापासून मला झोप नाही."

"तुम्ही जायलाच हवं, भावजी," धाकटी म्हणाली. "जाण्याबद्दल मी एक शब्द बोललेली नाही."

हे ऐकून ताईला वाटलं, वादळ सरलं. तिनं डोळे पुसले आणि तिचा जुना आवाज परत आला. "मी काय म्हणते, तुम्ही दोघं पण चला ना. मुलाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर जागा रिकामी होतेय. मी बोलून ठेवते. तिथे गरम पाणी नळाला येतं, दवाखाना समोर..."

धाकटीनं दार उघडं धरलं.

"ताई, घरी जा. भावजींना हाताला धरून ने. उजवीकडे घसरतं."

संध्याकाळी नवरा आला, तेव्हा त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. त्या जोडप्याच्या गाडीचा सायलेन्सर वाटेत निखळला होता आणि ती दोघं त्याच्याच गॅरेजात बसून गेली होती. त्यानं हात धुतले, खुर्ची ओढली. शीळ नव्हती.

"आपण पण जाऊ या का परत?" तो म्हणाला. "तू म्हणशील तर जाऊ. गाड्या काय, तिकडेही मोडतात."

धाकटीला ठाऊक होतं, हे म्हणणं त्याला किती जड गेलं असेल. तिकडे तो पाचांतला एक होता, इथे उस्ताद होता. तिला त्याची माया आली आणि रागही आला. तो राग आता कुठल्याही फटीतून बाहेर पडत होता.

"तिनं बोलावलं म्हणून आले. आता ती चालली म्हणून जायचं? मग मी कोण, तिच्या सामानातली पेटी? मला इथलं काही आवडत नाही. वारा आवडत नाही, धूर आवडत नाही, त्या मेट्रनबाईचं तोंड आवडत नाही. पण जायचं की राहायचं ते एकदा मला ठरवू दे. माझं ठरलं की सांगेन. तोवर कोणी विचारू नका, अहो, तुम्हीसुद्धा."

तो मान हलवून उठला आणि बटाटे सोलायला बसला.

बर्फ वितळून जमीन मऊ झाली तशी धाकटीनं पहिली गोष्ट केली ती नळाची. एका रविवारी नवऱ्याला घेऊन तिनं टाकीपासून चर खणला आणि आपल्या घरासाठी वेगळा नळ टाकला, ताईच्या अंगणाला वळसा घालून, खोल, गोठणार नाही इतका. ताई खिडकीतून बघत होती. टकटक केली नाही.

भाचा सामानाचा ट्रक घेऊन आला तो चढ न झेपून खाली वळणावरच थांबला. सगळं सामान हातानं उतरवावं लागलं. धाकटी सकाळपासून खोकी वाहत होती. जड ती स्वतः उचलत होती, हलकी भाच्याला देत होती, आणि ताईशी एक शब्द बोलत नव्हती. शेजारणीपाजारणी असत्या तर म्हणाल्या असत्या, काय ही माया! माया नव्हती. काम पडलेलं तिला बघवत नव्हतं, एवढंच.

शेवटी ताईनं कुलूप लावलं आणि किल्ली पुढे केली. "घर विकलं जाईपर्यंत तुझ्याकडे असू दे. महिन्यातून एकदा खिडक्या उघड, हवा खेळती राहील. आणि छपराकडे जरा..."

धाकटीनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

ताईनं किल्ली धाकटीच्या नवऱ्याकडे वळवली. तो कोणालाही नाही म्हणत नसे, हे ताईला चांगलं माहीत होतं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे, आणि त्यानंही हात खिशात घातले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण धाकटीला तो त्या क्षणाला जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नव्हता.

"दे इकडे," भावजी म्हणाले. त्यांनी किल्ली आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "आपलं घर आहे, आपल्याकडेच असू दे." मग त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूहळू उतरून ट्रकपाशी गेले. ताईही त्यांच्यामागे गेली.

धाकटी रडली नाही. रात्री जेवण मात्र तिला गेलं नाही.

उन्हाळा आला आणि गेला. धाकटीनं राहायचं असं कधी जाहीर केलं नाही. पण तिनं लाकडं मागच्या वर्षीपेक्षा लवकर भरली आणि छपराखाली रचली, म्हणजे ओली राहणार नाहीत. इस्पितळात तिनं एकदा मेट्रनबाईंच्या टेबलावर पिवळी चादर आणि पाण्याची बाटली शेजारी शेजारी ठेवून, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की पाणी गाळायचं यंत्र येईपर्यंत कोणी तिला चादर उजेडात धरून दाखवू नये. यंत्र अजून यायचं होतं. चादर मात्र पुन्हा कोणी धरली नाही. मनात गिळलेलं बोलता येतं हे कळल्यावर तिची जीभ जरा सैलच सुटली होती. स्टिअरिंगवरून बोट उचलणाऱ्या त्या गड्यालाही तिनं दुकानात विचारलं, "बोट चालतं, हात नाही चालत का धोंड्याला?" आता तो उतरतो. कुरकुरत, पण उतरतो.

थंडी पुन्हा सुरू झाली त्या आठवड्यात ताईचा फोन आला. मधल्या काळात नवरा बोलायचा, खुशाली कळायची. धाकटी घेत नसे. त्या दिवशी नवरा घरात नव्हता आणि फोन वाजतच राहिला.

"कशी आहेस?" ताईनं विचारलं.

"बरी आहे."

"नळ गोठला का?"

"नाही. खोल टाकलाय."

मग ताईनं विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"हो."

"बरं." ताईनं ते ऐकून घेतलं, समजावलं नाही, सुनवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "ह्यांची गोळी बदललीय. नव्या गोळीनं झोप फार येते."

"केव्हा देतेस?"

"दुपारी."

"दुपारी नको, रात्री दे. आणि डॉक्टरांना विचार एकदा, नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

"विचारते," ताई म्हणाली. मग ती त्या गोळीच्या रंगाबद्दल, भावजी आता संध्याकाळी खाली बाकावर बसून येतात त्याबद्दल सांगू लागली. धाकटी हं, हं करत ऐकत होती. बाहेर वारा वाढला, आवाज तुटायला लागला आणि एका वाक्याच्या मध्येच फोन बंद पडला.

धाकटीनं तो परत लावला नाही. लाकूड आत आणायचं राहिलं होतं. ती कोट घालून बाहेर गेली.